मुलांनी कोणता चित्रपट पाहावा?

२०१४ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझा मुलगा तेव्हा नववीत होता. एके संध्याकाळी त्याच्या वर्गातील एका मुलीची आई आमच्या घरी आली. आवाज न चढवता, खुर्चीच्या कडेवर बसून तिने सांगितले, की गेले तीन आठवडे आमचा मुलगा शिकवणी सुटल्यावर तिच्या मुलीच्या मागोमाग त्यांच्या फाटकापर्यंत चालत येतो. मुलीने दोनदा 'येऊ नकोस' असे सांगितले, तरी तो येतो. तो काही बोलत नाही, अंगचटीला येत नाही. पण मुलीने आता शिकवणीला जाणेच बंद केले आहे. "तुमचा मुलगा वाईट नाही हे मला ठाऊक आहे," ती म्हणाली, "म्हणून आधी तुमच्याकडेच आले."

ती गेल्यावर मी मुलाला समोर बसवले. तो लाजला, रडला. परंतु ती नको म्हणत असताना तू का गेलास, असे मी विचारले तेव्हा त्याने जे उत्तर दिले त्यात उद्धटपणाचा लवलेशही नव्हता. "पप्पा, आधी त्या नाहीच म्हणतात. मागे लागलं की शेवटी हो म्हणतात. सगळ्या पिक्चरमध्ये तसंच असतं. तुम्हीच तर दाखवलेत."

खरेच, मीच दाखवले होते. त्याच उन्हाळ्यात मी सगळ्या कुटुंबाला एक हिंदी चित्रपट दाखवून आणला होता. त्यात चुंबन नव्हते, शिवी नव्हती, रक्त नव्हते. मुलाची आजीदेखील आमच्यासोबत होती. नायक अडीच तास नायिकेच्या मागे फिरत होता आणि आम्ही सारे हसत होतो. त्याच वर्षी फेब्रुवारीत नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' लागला होता. मुलाने तो पाहण्याचा हट्ट धरला तेव्हा मी नकार दिला. त्यात शिव्या फार आहेत, असे मला कार्यालयातील एका सहकाऱ्याने सांगितले होते. एकाच वर्षात मी दोन निर्णय घेतले आणि ते दोन्ही चुकले; दोन्ही चुकांचे कारणही एकच होते. चित्रपटात काय काय आहे हे मी मोजले; चित्रपट त्याकडे कसे पाहतो, हे मात्र विचारले नाही.

प्रस्तुत लेख त्या चुकीतून निघाला आहे. 'हा चित्रपट मुलांना दाखवावा का?' हा प्रश्न पालकसभांतून, धर्मग्रामातील बैठकांतून आणि घरोघरच्या जेवणाच्या पाटावरून नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर देणारी यादी मजजवळ नाही. परंतु उत्तर शोधण्याची एक वाट मला दिसली आहे, ती वाचकांपुढे ठेवतो.

प्रमाणपत्र काय सांगते?

सर्वसाधारण पालक प्रथम पाहतो ते प्रमाणपत्र. १९५२ च्या चित्रपट कायद्यानुसार आपल्याकडे प्रारंभी मुख्यतः दोनच वर्ग होते : सर्वांसाठी 'यू' आणि केवळ प्रौढांसाठी 'ए'. १९८३ मध्ये त्यांत 'यूए' आणि विशिष्ट व्यावसायिक प्रेक्षकांसाठीचा 'एस' या दोन वर्गांची भर पडली. त्याच वर्षी मंडळाच्या नावातील 'सेन्सॉर' हा शब्द जाऊन तेथे 'प्रमाणन' हा शब्द आला. लोकांच्या तोंडी मात्र ते 'सेन्सॉर बोर्ड'च राहिले. 'यूए' याचा अर्थ, बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असा चित्रपट. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे तेरा वर्षांचा मुलगा आणि सतरा वर्षांचा तरुण हे कायद्याच्या दृष्टीने सारखेच होते. ज्या वयात माणूस दर सहा महिन्यांनी बदलतो, नेमके त्या वयाला कायद्याने एकाच पोत्यात भरले होते. २०१६ मध्ये श्याम बेनेगल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या वर्गाची फोड करावी असे सुचवले आणि २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए'चे तीन भाग झाले : ७+, १३+ आणि १६+.

ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु तिच्यातील एक कलम पालकांनी आवर्जून ध्यानात घ्यावे असे आहे. वयाची ही खूण पालकांनी विचार करावा म्हणून आहे. पालकांखेरीज अन्य कोणीही ती अमलात आणू शकत नाही, असे कायदाच सांगतो. 'ए' चित्रपटाच्या दारावर पंधरा वर्षांच्या मुलाला अडवणे हे चित्रपटगृहाचे कर्तव्य आहे. 'यूए १६+' च्या दारावर त्याला अडवणारे किंवा सोडणारे केवळ आपण. शासनाने आपल्या हातून निर्णय काढून घेतलेला नाही, उलट तो आपल्या हाती परत दिला आहे.

शिवाय आता दार तरी कुठे उरले आहे? २०१९ मधील 'कबीर सिंग'ला 'ए' प्रमाणपत्र होते. पण चित्रपटगृहात ज्याला मज्जाव होता तोच चित्रपट पुढे घरातल्या पडद्यावर आला. २०२१ च्या नियमांनी घरपोच येणाऱ्या अशा चित्रपटांनाही वयाचे वर्ग लावले आणि १३+ व त्यापुढील वर्गांसाठी पालकांना कुलूप घालता येईल अशी सोय करणे बंधनकारक केले. ते कुलूप जरूर घालावे. पण त्याचा चारआकडी क्रमांक घरात सर्वांत आधी कोणाला कळतो, हे कोणत्याही आईला विचारावे.

प्रमाणपत्राची खरी मर्यादा मात्र याहून खोल आहे. चित्रपटात हिंसा आहे, शिवी आहे, नशा आहे, नग्नता आहे, हे ते सांगू शकते. ती हिंसा पाहून प्रेक्षकाने शिटी वाजवावी अशी रचना आहे की त्याचा श्वास अडकावा अशी, हे ते सांगू शकत नाही.

मोजणीचा जुना मोह

हा मोह केवळ शासनाचा नाही. ख्रिस्तसभेलाही तो पडला होता आणि तिने त्यातून वाट काढली, तो इतिहास उद्बोधक आहे. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील कॅथलिकांनी अशिष्ट चित्रपटांविरुद्ध मोठी मोहीम उभारली. १९३६ मध्ये पोप अकरावे पायस यांनी 'विजिलांती कुरा' हे परिपत्रक काढून तिचे कौतुक केले आणि चित्रपटांची वर्गवारी करून याद्या श्रद्धावंतांपर्यंत पोहोचवाव्यात असे सुचवले. त्या काळाची चिंता खोटी नव्हती. परंतु यादी करणाऱ्याला सोपे असते ते मोजणे, आणि मोजणारा माणूस कधीकधी अख्खा माणूस पाहायचे विसरतो.

व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' हा १९४८ चा चित्रपट अमेरिकेत गेला, तेव्हा तेथील चित्रपटव्यवसायाच्या आचारसंहितेच्या कार्यालयाने दोन दृश्ये कापा, असे सांगितले. एका दृश्यात लहान ब्रुनो रस्त्याकडेच्या भिंतीशी लघवीला उभा राहू पाहतो. दुसऱ्यात त्याचा बाप चोराचा पाठलाग करत वेश्यागृहात शिरतो. वितरकाने नकार दिला आणि चित्रपट त्या कार्यालयाच्या शिक्क्याविनाच दाखवला गेला. ज्या चित्रपटात बेकार बाप मुलाच्या डोळ्यांदेखत सायकल चोरतो, पकडला जातो, थपडा खातो आणि शेवटी तोच मुलगा त्याचा हात हाती घेतो, त्या चित्रपटात मोजणाऱ्यांना ही दोन दृश्ये खटकली.

पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कसाधनांविषयीचा 'इंटर मिरिफिका' हा हुकूमनामा प्रसृत केला. त्यात पालकांनी घरात काय येते याकडे लक्ष ठेवावे, हे आहेच. पण त्याबरोबर तरुणांनी जे पाहिले-वाचले त्याविषयी शिक्षकांशी आणि जाणकारांशी चर्चा करून स्वतः योग्य निर्णय करायला शिकावे, हेही आहे. पहारा आणि शिक्षण या दोन्ही गोष्टी तेथे शेजारी-शेजारी मांडल्या आहेत. आणि १९९५ मध्ये, चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त, व्हॅटिकनने पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची यादी जाहीर केली. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन भाग होते. त्यांतील मूल्यांच्या भागात 'बायसिकल थीव्ज' होता, आणि नग्नता व कत्तल या दोहोंचे दर्शन घडवणारा 'शिंडलर्स लिस्ट'ही होता. पूर्वीची यादी काय टाळावे हे सांगत होती. ही यादी काय पाहावे हे सांगत होती. मोजणी तीच ठेवून हा बदल झाला नसता. नजर बदलावी लागली.

आपल्या पडद्यावरील किशोर

हीच नजर आपल्या चित्रपटांकडे वळवून पाहू. गेल्या काही वर्षांत मराठी चित्रपटाने किशोरवयाकडे जेवढे लक्ष दिले तेवढे क्वचितच दिले असेल.

प्रथम ज्याला मी नकार दिला तो 'फँड्री'. कैकाडी समाजातला जब्या शाळेत शिकतो, वरच्या जातीतल्या शालूकडे दुरून पाहतो, तिला चिठ्ठी लिहितो आणि ती देऊ शकत नाही. काळ्या चिमणीची राख तिच्या अंगावर पडली की ती आपली होईल, या समजुतीने तो रानोमाळ हिंडतो. यात शिव्या आहेत, हे खरे. पण त्या कोण कोणाला देतो? त्या आपल्या कानांना गंमत म्हणून ऐकवल्या जातात, की एका पोराच्या अंगावर रोज पडणारा दगडधोंडा म्हणून? चित्रपटाचा उत्तरार्ध डुकरे धरण्याच्या प्रसंगाने व्यापला आहे. जब्या लपतो, कारण बघणाऱ्यांत शाळा आहे, शालू आहे. डुक्कर हाताशी आलेले असताना शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात आणि सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. डुक्कर निघून जाते. पुढे मेलेले डुक्कर बांबूला बांधून जब्या व त्याचे घरचे शाळेच्या भिंतीवरून चालत जातात, आणि त्या भिंतीवर फुले, सावित्रीबाई, आंबेडकर आणि गाडगेबाबा रंगवलेले असतात. अखेर जब्या दगड उचलून भिरकावतो, तो थेट पडद्यातून आपल्याकडे येतो.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहावी. जब्यादेखील मुलीच्या मागेच असतो. तोही तिच्याकडे टक लावून पाहतो. म्हणजे मोजणीच्या हिशेबात माझ्या 'स्वच्छ' हिंदी चित्रपटात आणि 'फँड्री'त हा प्रसंग सारखाच. परंतु एक चित्रपट त्या पाठलागाला पराक्रम म्हणतो आणि मुलीला बक्षीस म्हणून नायकाच्या हाती देतो. दुसरा त्या ओढीतले वेड, तिच्यातली करुणा आणि तिचा निष्फळ शेवट दाखवतो, बक्षीस कोणालाच देत नाही. पहिल्या चित्रपटातून उठलेला मुलगा शिकवणीच्या रस्त्याला लागला. दुसऱ्यातून तो कुठे गेला असता, याचा मी तेव्हा विचारच केला नाही.

याच दिग्दर्शकाचा २०१६ चा 'सैराट' पालकांना अधिक अडचणीत टाकतो. त्याचा पूर्वार्ध गाण्यांनी, पळण्याने, विहिरीच्या पाण्याने आणि उसाच्या शेतांनी भारलेला आहे. चित्रपटगृहांत मुले जागेवरून उठून नाचली, ती याच भागात. काही पालकांनी तेवढ्यावरून निकाल दिला, की हा चित्रपट मुलांना पळून जायला शिकवतो. पण उत्तरार्ध हैदराबादेत जातो आणि गाणी थांबतात. आर्ची झोपडीतल्या घाणीने कासावीस होते, घरच्या आठवणीने रडते, बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते. परश्याच्या मनात संशय शिरतो आणि त्याचा हात उठतो. प्रेमाच्या त्या जल्लोषाची किंमत दोघे रोजच्या रोज, पैपैने मोजतात. शेवटची किंमत घ्यायला माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात. तेव्हा आपल्याला हत्या दाखवली जात नाही. शेजारणीकडून परतलेले तान्हे मूल आणि त्याच्या पावलांचे रक्ताळलेले ठसे तेवढे दिसतात, तेही निःशब्द. अनेक चित्रपट मुलांपासून परिणाम लपवतात. 'सैराट' परिणामांपासून नजर हलवत नाही, म्हणून मी त्याला प्रामाणिक म्हणतो. मात्र तो तेरा वर्षांच्या मुलाचा चित्रपट नव्हे. दहावी ओलांडलेल्या मुलामुलींनी तो आईबापांसोबत, सलग आणि शेवटपर्यंत पाहावा. अर्धा 'सैराट' पाहणे हे तो न पाहण्यापेक्षा वाईट. भ्रमणध्वनीवर केवळ गाणी पाहणारी मुले नेमके तेच करतात.

रवी जाधव यांच्या, २०१३ च्या प्रारंभी आलेल्या 'बालक-पालक'चा विषय ऐकूनच अनेकांनी कपाळाला आठ्या घातल्या. चाळीतल्या मुलांना मोठ्यांच्या कुजबुजीतून एक प्रश्न पडतो. मोठे उत्तर देत नाहीत. मग उत्तरे सर्वज्ञ मित्राकडून, चोरट्या पुस्तकांतून आणि व्हिडिओतून येतात. शेवटी एक समंजस काका मुलांशी बोलतो. कलाकृती म्हणून या शेवटाविषयी माझी तक्रार आहे : तेथे चित्रपटाचे व्याख्यान होते आणि मघाची मोकळी मुले अचानक श्रोते बनतात. पण त्या काकाची जागा घरात कोणाची होती, हा प्रश्न चित्रपट पालकांपुढे टाकतो आणि तो चुकवता येत नाही. हा चित्रपट आधी पालकांनी पाहावा; मुलांबरोबर बसण्याचे धैर्य त्यानंतर येईल.

लहान किशोरांसाठी, अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी, अविनाश अरुण यांचा 'किल्ला' मी निःशंकपणे सुचवेन. २०१४ मध्ये बर्लिन महोत्सवात त्याला बालचित्रपटांच्या विभागात 'क्रिस्टल बेअर' मिळाले. वडील गेलेला चिन्मय आईच्या बदलीमुळे कोकणात येतो. नवे मित्र त्याला किल्ल्यावर नेतात आणि पावसात एकटे सोडून निघून जातात. त्याचा राग, एकटेपणा आणि शेवटी पुन्हा बदली झाल्यावर त्याच गावातून निघतानाची हुरहुर हे सारे मुलांना आपले वाटते. पण माझ्या मते त्याचे मोल आणखी एका गोष्टीत आहे. मुलाच्या कथेच्या मागे आईची कथा उभी आहे : तिचे कार्यालय, तिच्यावरचा दबाव, तिचे न बोललेले दुःख. आईलादेखील भीती वाटते, हे पाहणारे मूल चित्रपट संपल्यावर स्वयंपाकघराकडे निराळ्या नजरेने पाहते.

मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरील सुजय डहाके यांचा 'शाळा' नववी-दहावीच्या मुलांसाठी. आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग, मुकुंदा आणि शिरोडकर. त्यात प्रेम आहे, पण मिळवण्याची घाई नाही. एखादी व्यक्ती आवडणे म्हणजे तिच्यावर हक्क सांगणे नव्हे, हे तेथे न सांगता कळते.

घरातील निर्णय

या उदाहरणांतून माझ्यापुरते काही प्रश्न हाती आले. चित्रपट कोणाच्या डोळ्यांनी पाहतो, मारणाऱ्याच्या की मार खाणाऱ्याच्या, पाठलाग करणाऱ्याच्या की फाटक गाठू पाहणाऱ्या मुलीच्या? पडद्यावरच्या कृत्याची किंमत कोणी मोजतो का, की गाणे लागले आणि हिशेब मिटला? आपण हसलो ते कोणाला? चौथा प्रश्न चित्रपटाविषयी नाहीच, तो मुलाविषयी आहे. एकाच घरातल्या चौदा वर्षांच्या दोन मुलांना एकच चित्रपट सारखा पेलत नाही. नुकतेच घरात मरण पाहिलेल्या मुलाला, रात्री दचकून उठणाऱ्या मुलीला, कोणते प्रमाणपत्र ओळखते? ते आईच ओळखते.

याचा अर्थ सारे दाखवावे असा मुळीच नाही. रक्तपात हीच ज्याची मेजवानी आहे, स्त्रीचा देह जो तुकड्यातुकड्यांनी विकतो, असे चित्रपट आहेत, आणि पुष्कळ आहेत. तेथे 'नाही' म्हणणे हा पालकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही. पण 'नाही' म्हणताना कारण सांगावे, आणि शक्य तर स्वतः पाहून सांगावे. सहकाऱ्याच्या ऐकीव मतावर दिलेला माझा नकार मुलाला अन्याय वाटला आणि तो अन्यायच होता. ज्या बापाने न पाहता 'फँड्री' नाकारला आणि पाहून तो हिंदी चित्रपट वाखाणला, त्याच्या तिसऱ्या निर्णयावर मुलाने का विश्वास ठेवावा?

वेळ नाही, ही आपली नेहमीची सबब. सकाळी लोकल गाठायची, रात्री नऊला परतायचे. चित्रपट आधी पाहणार कधी? सबब खरी आहे. मग निदान सोबत पाहावा, आणि तेवढेही न जमले तर पाहून झाल्यावर विचारावे. तेही 'आवडला का' असे नव्हे, तर 'त्या मुलीला काय वाटले असेल' असे.

त्या पावसाळ्यानंतरचे थोडे सांगतो. माझ्या मुलाने शिकवणीची वेळ बदलून घेतली. पुढल्या महिन्यात ती मुलगी पुन्हा जाऊ लागली. नाताळच्या सुट्टीत मी 'फँड्री'ची तबकडी आणली आणि आम्ही दोघांनी ती घरी पाहिली. शिव्या आल्या तेव्हा मी अस्वस्थ झालो. तो झाला नाही, त्या त्याने शाळेच्या मैदानावर ऐकलेल्याच होत्या. डुकराच्या प्रसंगात मात्र त्याने उशी छातीशी धरली. दगड आला, पडदा काळा झाला. बराच वेळ कोणी दिवा लावला नाही.

मग त्याने विचारले, "पप्पा, तो सारखा मागे असतो हे शालूला माहीत असेल का? तिला भीती वाटत असेल?"

जब्यासाठी हळहळत असतानाही त्याला शालूची बाजू सुचली होती. मी उत्तर दिले नाही. "तुला काय वाटते?" एवढेच म्हटले, आणि त्या रात्री जेवायला आम्हाला फार उशीर झाला.